लहान, शांत आणि रेखीव : संगणकाच्या उष्णतेचा इतिहास

जालना जिल्ह्याच्या भोकरदन तालुक्यांतील धावडा हें अजिंठ्याच्या डोंगररांगेजवळचें गांव. अशा गांवांतल्या एखाद्या घरीं मुलानें खेळ खेळण्यासाठीं संगणक मागितला, म्हणजे त्याच्या अटी बहुधा तीन असतात. यंत्र लहान असावें, त्याचा आवाज होऊं नये, आणि पडद्यावरील चित्र अतिशय रेखीव दिसावें. ऐकतांना तिन्ही अटी साध्या वाटतात. परंतु त्या एकमेकींशीं सतत भांडत असतात. भांडणाचें मूळ उष्णतेंत आहे. हें न जाणतां सुटे भाग निवडले, तर वर्षभराची शिल्लक खर्चून घरांत आणलेलें यंत्र वैशाखांत घोंघावूं लागतें आणि खेळ अडखळूं लागतो. म्हणून निवडीपूर्वीं थोडा इतिहास पाहणें इष्ट होय.

मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेंत डॉ. आर. नरसिंहन् यांच्या नेतृत्वाखालीं एका गणकयंत्राची उभारणी झाली. १९५६ सालीं त्याची प्रायोगिक आवृत्ति चालूं झाली आणि १९६० सालीं पूर्ण यंत्र कामास लागलें. १९६२ सालीं पंडित नेहरूंनीं त्याला ‘टिफ्रॅक’ हें नांव दिलें. या यंत्रांत सुमारें २,७०० निर्वात नळ्या होत्या, आणि त्याच्या स्मृतींत अवघे २,०४८ शब्द मावत. प्रत्येक नळीच्या पोटांत दिव्यासारखी तार तापवावी लागे. म्हणजे पहिली बेरीज होण्याआधींच यंत्र तापलेलें असे. विशेष हें कीं, आकृति दाखविण्यासाठीं त्याला किरणनळीचा पडदाही जोडलेला होता. संगणकानें चित्र काढावें, ही हौस आपल्याकडे तितकी जुनी आहे.

पुढें नळीची जागा ट्रान्झिस्टरनें घेतली. १९७१ सालीं अमेरिकेंतील इंटेल कंपनीनें ‘४००४’ हा प्रोसेसर काढला. नखाहूनही लहान अशा सिलिकॉनच्या तुकड्यावर त्यांत सुमारें २,३०० ट्रान्झिस्टर बसविलेले होते. टिफ्रॅकच्या नळ्यांशीं ही संख्या ताडून पाहिली, म्हणजे पंधरा वर्षांत काय घडलें तें ध्यानांत येतें. १९७४ सालीं रॉबर्ट डेनार्ड व त्यांच्या सहकाऱ्यांनीं असें दाखविलें कीं, ट्रान्झिस्टर आकुंचित होतांना विजेचा दाबही त्याच प्रमाणांत कमी केला, तर तेवढ्याच जागेंतली उष्णता वाढत नाहीं. उष्णतेवर विजय मिळाला असें वाटूं लागलें. परंतु २००५ च्या सुमारास हा नियम लंगडा पडला. दाब आणखी उतरविला कीं बंद ट्रान्झिस्टरांतूनही वीज पाझरूं लागे. तेव्हांपासून एकाच प्रोसेसरचा वेग वाढविण्याऐवजीं एका चिपमध्यें अनेक प्रोसेसर बसविण्याची रीत पडली.

अनेकांनीं मिळून काम करण्याचा हा मार्ग पुण्याला नवा नव्हता. १९८८ सालीं स्थापन झालेल्या सी-डॅक या संस्थेनें डॉ. विजय भटकर यांच्या नेतृत्वाखालीं १९९१ सालीं ‘परम ८०००’ हा महासंगणक सिद्ध केला. त्याचे प्रोसेसर पुण्यांत घडविलेले नव्हते. बाजारांत मिळणारे ट्रान्सप्युटर निवडून त्यांची कुशल जुळणी केलेली होती. मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवर सुटे भाग घेऊन घरीं संगणक जुळविणारा तरुणही लहान प्रमाणांत तेंच करतो. भाग दुसऱ्याचे, जुळणी आपली. म्हणून यश निवडींत आहे.

आतां चित्राकडे वळूं. १९८७ सालच्या व्हीजीए पडद्यावर ६४० गुणिले ४८० म्हणजे ३,०७,२०० ठिपके असत. आजच्या ‘फोर-के’ पडद्यावर ३८४० गुणिले २१६० म्हणजे ८२,९४,४०० ठिपके असतात. ही संख्या बरोबर २७ पट आहे. खेळांत हे सारे ठिपके सेकंदाला ६० वेळां नव्यानें रंगवावे लागतात. हें काम ग्राफिक कार्ड करतें, आणि यंत्रांतील बहुतेक उष्णता तेथेंच जन्मते. एन्व्हिडियाचें २०२२ सालचें आरटीएक्स ४०९० हें कार्ड ४५० वॅटपर्यंत वीज घेतें; म्हणजे सव्वादोन तासांत एक युनिट. त्याच कंपनीच्या २०२३ सालच्या आरटीएक्स ४०७० ची मर्यादा २०० वॅट आहे. या विजेचा जवळजवळ सर्व अंश शेवटीं उष्णता होऊन खोलींतच उतरतो.

ही उष्णता बाहेर घालविण्याचें काम हीटसिंकच्या पातळ पत्र्यांचें व पंख्यांचें. पंख्याची गति निम्मी केली तर वाहणारी हवा निम्मी होते. आवाज मात्र सुमारें १५ डेसिबलनें उतरतो. म्हणून मोठा व सावकाश फिरणारा पंखा शांत, आणि लहान व वेगवान पंखा कर्कश. येथेंच लहानपणाची अट आड येते. तैवानच्या व्हीआयए कंपनीनें २००१ सालीं १७ सेंटिमीटर लांब व तितकाच रुंद असा मिनी-आयटीएक्स मदरबोर्ड पुढें आणला, तेव्हांपासून पेटी लहान करणें सोपें झालें. पण वारा खेळण्यास लागणारी जागा कांहीं त्या प्रमाणांत लहान झाली नाहीं.

यांत मराठवाड्याचें हवामान विसरून चालत नाहीं. चिपचें तापमान ८५ अंशांपलीकडे जाऊं द्यावयाचें नाहीं असें ठरविलें, तर २० अंशांच्या खोलींत ६५ अंशांचा फरक हाताशीं असतो. मे महिन्यांतल्या ४० अंशांच्या खोलींत तो ४५ उरतो. म्हणजे तोच हीटसिंक व तोच पंखा सुमारें तीस टक्के कमी उष्णता वाहून नेतो. थंड देशांत निःशब्द ठरलेली जुळणी येथें निःशब्द राहीलच असें नाहीं. मराठवाड्यांतलें जुनें धाब्याचें घर मातीच्या जाड छतानें बाहेरचें ऊन बाहेरच ठेवतें. संगणकाची उष्णता मात्र आंतच निपजते, म्हणून त्याला जाड भिंतींपेक्षां झरोक्याचीच गरज अधिक.

यावरून निवडीचा क्रम ठरतो. आधीं पडदा ठरवावा, कारण कार्ड किती मोठें लागेल तें तोच सांगतो. मग ४५० वॅटांचा मोह सोडून २०० वॅटांच्या आसपासचें कार्ड घ्यावें, आणि खेळ कमी ठिपक्यांत रंगवून तो फोर-केपर्यंत वाढविण्याची सोय वापरावी. दुरून पाहणाऱ्यास फरक क्वचितच जाणवतो. पॉवर सप्लाय गरजेच्या दुप्पट क्षमतेचा असावा, म्हणजे त्याचा पंखा सावकाश फिरतो. साठवणीसाठीं फिरत्या चकतीऐवजीं एसएसडी घ्यावा. त्यांत हलणारा भागच नाहीं. पेटी सर्वांत शेवटीं निवडावी. तिला जाळीच्या बाजू, १२ सेंटिमीटरचे पंखे व धुवून काढतां येणारी धूळगाळणी असावी. धूळ पत्र्यांत बसली कीं सारा हिशेब फसतो.

पेटी चार बोटें मोठी झाली म्हणून मुलगा क्षणभर हिरमुसेल. पण मे महिन्याच्या दुपारीं शेजारच्या खोलींत आजोबांची झोप न मोडतां त्याचा खेळ चालूं राहिला, म्हणजे तीं चार बोटें त्याला खुपणार नाहींत.