बोरघाटाचा लोहमार्ग आणि न मिळालेली मजुरी

कर्जत सोडून गाडी लोणावळ्याकडे चढू लागली की प्रवासी खिडकीशी येतात. बोगदे, दरी, पावसाळ्यात कोसळणारे धबधबे. या चढाचे अभियांत्रिकी कौतुक आपण पुष्कळ वाचले आहे. पण हे काम १८५९ साली जवळजवळ मोडून पडले होते, आणि त्याचे कारण ना कातळ होता ना दरी. आजचा लेखप्रपंच त्या घटनेविषयी.

आधी थोडी पार्श्वभूमी. १६ एप्रिल १८५३ रोजी बोरीबंदर ते ठाणे ही पहिली गाडी धावली. ग्रेट इंडियन पेनिन्सुला रेल्वे कंपनीला आता दख्खनच्या पठारावर चढायचे होते. १८५६ मध्ये रूळ घाटाच्या पायथ्याशी खोपोलीपर्यंत पोहोचले, तर १८५८ मध्ये वरच्या बाजूला खंडाळा ते पुणे गाडी सुरू झाली. मधला घाट तेवढा रिकामा. तो प्रवाशांनी पालखीतून, तट्टावरून किंवा गाडीतून ओलांडायचा!

हे अंतर सांधण्याची योजना मुख्य अभियंता जेम्स बर्कले याची. सुमारे १५ मैलांच्या मार्गात १,८३१ फूट चढ, २५ बोगदे, आठ मोठे दगडी पूल, आणि एका ठिकाणी गाडीची दिशाच उलटी करणारे स्थानक. सर्वांत कठीण भागात ३७ फुटांमागे एक फूट चढ. कागदावर ही योजना उत्तमच होती आणि अखेरीस साधारण तशीच साकारली. म्हणजे आराखड्यात खोट नव्हती, हे ध्यानात ठेवावे.

काम सुरू झाले १८५६ च्या आरंभी. कंत्राट विल्यम फॅविएल या इंग्रज कंत्राटदाराकडे होते. परंतु हजारो मजुरांशी फॅविएल स्वतः बोलत नव्हता, बोलू शकतही नव्हता. त्याच्याखाली पोटकंत्राटदार, त्यांच्याखाली युरोपीय देखरेखनीस, त्यांच्याखाली मुकादम, आणि मुकादमाच्या हाताखाली गावागावांतून आलेल्या मजुरांच्या टोळ्या. वर ठरलेला दर या पायऱ्या उतरत खाली येई. प्रत्येक पायरीवर भाषा बदले, हिशोब बदले आणि पुष्कळदा रक्कमही बदले.

मजुराच्या बाजूने पाहू. घरदार सोडून तो घाटात आलेला. कडा इतका उभा, की काही ठिकाणी दोराने खाली सोडलेल्या माणसांनी सुरुंगासाठी भोके पाडायची. मोसमी पावसात काम थांबे आणि पटकीची भीती तर कायमचीच. इतके सोसून तो थांबे तो एका शब्दाच्या भरवशावर: ‘अमुक काम केलेस की अमुक पैसे मिळतील.’ हा शब्द कोणी दिला, कोणाच्या वतीने दिला आणि तो मोडला तर दाद कोणाकडे मागायची, हे त्याला ठाऊक असण्याचा मार्ग नव्हता.

जानेवारी १८५९ मध्ये घाटातील मजूर उठले. थकलेली आणि कापलेली मजुरी ही त्यांची तक्रार. युरोपीय देखरेखनिसांवर हल्ले झाले.

काळ लक्षात घ्या. १८५७ च्या उठावाला दोन वर्षेही झालेली नव्हती. गोऱ्या माणसावर हात उगारला गेला की त्यात राजद्रोह पाहण्याची सवय सरकारला जडलेली. तरीही चौकशीत जे पुढे आले ते फार साधे होते: पैसे वेळेवर मिळत नव्हते, ठरल्याप्रमाणे मिळत नव्हते, आणि पोटकंत्राटांच्या उतरंडीत मजुराचा हिस्सा मधेच जिरत होता. मला या प्रकरणात सर्वांत बोलके वाटते ते हे, की मजुरांचे म्हणणे वरपर्यंत पोहोचायला दंगल व्हावी लागली. तक्रार वर नेणारी दुसरी वाटच नव्हती.

त्याच वर्षी फॅविएलने कंत्राट सोडले.

पुढे १८६० चा नववा कायदा आला. रेल्वे आणि इतर सार्वजनिक कामांवरील मजुरीचे तंटे दंडाधिकाऱ्याने झटपट निकालात काढावेत, अशी तरतूद त्यात होती. मात्र त्याच कायद्याने करार मोडणाऱ्या मजुराला गुन्हेगार ठरवण्याचीही सोय करून ठेवली. विश्वास तुटला होता दोन्ही बाजूंनी. तुरुंगाची भीती मात्र एकाच बाजूला घातली गेली. हा कायदा १९३२ पर्यंत टिकला.

नवे कंत्राट सॉलोमन ट्रेडवेल याने घेतले. तो १८५९ मध्ये हिंदुस्थानात आला आणि काही आठवड्यांतच आजाराने वारला. आता काम पुन्हा बुडणार, असेच कोणालाही वाटले असते. त्याची पत्नी ॲलिस ट्रेडवेल हिने कंत्राट सोडले नाही. स्वाइन्सन ॲडमसन आणि जॉर्ज क्लाउजर या अनुभवी माणसांच्या हाती व्यवस्थापन देऊन तिने ते पुढे चालवले. तिने घाटातील कामाची छायाचित्रेही काढली. त्या काळातील एका स्त्रीच्या दृष्टीने हे दोन्ही विलक्षणच!

मजुरांची संख्या १८६१ मध्ये ४२,००० वर गेली. ज्या घाटातून दोन वर्षांपूर्वी माणसे चिडून उठली होती, तिथे एवढी माणसे परत आली. याचे सारे श्रेय ॲलिसला देणे भाबडेपणाचे होईल, कारण पोटाची निकड माणसाला कुठेही नेते. पण केवळ निकडीने ४२,००० माणसे टिकतात असेही मला वाटत नाही.

२१ एप्रिल १८६३ रोजी गव्हर्नर सर बार्टल फ्रिअर यांच्या हस्ते मार्ग खुला झाला. बर्कले ते पाहायला उरला नव्हता. त्याच्या आदल्या वर्षीच तो इंग्लंडमध्ये वारला.

आणखी एक प्रकरण उरते, आणि त्याचा उल्लेख सहसा होत नाही. १९ जुलै १८६७ रोजी, ऐन पावसात, याच घाटातील माहू-की-माळीचा दगडी पूल कोसळला. दगडी बांधकामाची गंमत अशी, की बाहेरचा चिरा सुबक दिसतो. आतली भर आणि चुन्याचा कस गवंड्याला आणि त्याच्यावर देखरेख करणाऱ्यालाच ठाऊक असतो. त्यांच्यापैकी कोणी बोलले नाही, किंवा बोललेले कोणी ऐकले नाही, तर वरच्या अभियंत्याला चार वर्षे पूल भक्कमच वाटत राहतो. चौकशीत बांधकाम निकृष्ट ठरले. त्यानंतर कंपनीला आपल्या मार्गांवरची इतर दगडी बांधकामेही तपासावी लागली, आणि त्यांतली कित्येक पाडून नव्याने बांधावी लागली.