दावणीची रिकामी जागा

धुळे तालुक्यातील सोनगीर हे मुंबई-आग्रा महामार्गावरचे गाव किल्ल्यासाठी आणि तांब्या-पितळेच्या भांड्यांसाठी ओळखले जाते. भोवतालच्या खान्देशाचा संसार मात्र शेती आणि जनावरांवर चालतो. श्रावण अमावास्येला पोळ्याच्या दिवशी ज्याला झूल घालून पुरणपोळीचा घास भरवायचा, तो बैल दगावला की घरातले माणूस गेल्यासारखेच होते. राखणीचा कुत्रा वा दुभती गाय गेली, तरी तीच पोकळी जाणवते.

२०२२ साली हे दुःख अनेक घरांत एकाच वेळी आले. त्या वर्षी राज्यात पसरलेल्या लम्पी चर्मरोगाची पहिली नोंद ऑगस्टमध्ये जळगाव जिल्ह्यातील चिनावल (ता. रावेर) येथे झाली. मृत जनावरांपोटी शासनाने गायीसाठी ३० हजार, बैलासाठी २५ हजार आणि वासरासाठी १६ हजार रुपये मदत जाहीर केली. नुकसानीची भरपाई रुपयांत होऊ शकते. सहवासाची होत नाही.

दुःख बोलून का दाखवले जात नाही?

माणूस गेल्यावर सुतक असते, भेटीला येणारे असतात, दहावे-तेरावे असते. जनावरासाठी यातले काहीच नाही. ‘दुसरे आणा’ एवढाच सल्ला मिळतो. समाजाची मान्यता न लाभलेल्या अशा शोकाची मांडणी अमेरिकी अभ्यासक केनेथ डोका यांनी १९८९ मधील ग्रंथात केली. हा शोक लपवावा लागतो, म्हणून तो अधिक एकाकी करतो. मराठी परंपरेला मात्र ही भावना परकी नाही. साताऱ्याजवळ संगम माहुली येथे छत्रपती शाहू महाराजांच्या लाडक्या कुत्र्याची समाधी आहे.

काय करावे?

‘डॉक्टरांना आधी बोलावले असते तर’ ही बोचणी बहुतेकांना लागते. उपचार करणाऱ्या पशुवैद्यकाकडून आजाराचे स्वरूप समजून घेतल्यास ती पुष्कळदा सौम्य होते. मुलांना ‘तो रानात गेला’ असे सांगू नये. ती वाट पाहत राहतात. जनावर मेले आहे आणि ते परत येणार नाही, हे सोप्या शब्दांत सांगावे.

निरोपालाही महत्त्व आहे. जनावर साथीच्या रोगाने मेले असल्यास पशुवैद्यकाच्या सूचनेनुसार खोल खड्ड्यात चुना टाकून पुरावे. घुंगरमाळ वा गळ्यातील पट्टा आठवण म्हणून ठेवायचा असल्यास तो आधी निर्जंतुक करून घ्यावा. ज्यांच्या घरी बैल नसतात, ते पोळ्याला मातीच्या बैलांची पूजा करतात. दावण रिकामी झालेल्या घरालाही ही प्रथा आधार देऊ शकते.

जोडीतला मागे राहिलेला बैल चारा कमी खाऊ लागला, तर ते केवळ दुःख समजून सोडून देऊ नये. त्याची तपासणी करून घ्यावी. पशुवैद्यकीय मदतीसाठी १९६२ हा टोल-फ्री क्रमांक आहे. नवे जनावर कधी आणावे याला ठरावीक मुदत नाही. नांगरणीच्या गरजेपोटी ते लगेच आणावे लागले, तरी त्यात जुन्याशी बेइमानी नसते.

मदत कधी घ्यावी?

झोप व भूक अनेक आठवडे हरपली, कामात मन लागेनासे झाले किंवा जगणे नकोसे वाटू लागले, तर वैद्यकीय सल्ला घ्यावा. ‘टेलि-मानस’च्या १४४१६ या क्रमांकावर मोफत समुपदेशन मिळते. मुक्या जिवासाठी रडू येणे हा दुबळेपणा नव्हे. बरोबरीने घाम गाळलेल्या सोबत्याचे ते ऋण आहे.