रेषेच्या पलीकडचं वावर

आजच्या व्याख्यानाचा विषय 'शर्यतींचा इतिहास आणि सुरक्षितता' असा जाहीर झाला आहे. पण मी बोलणार आहे ते मुख्यतः एका वावराबद्दल. पट जिथे संपतो त्या रेषेच्या पलीकडे जे वावर असतं ना, त्याच्याबद्दल.

आपल्या जिल्ह्यात मोटारींच्या शर्यतीचा ट्रॅक नाही. वेगाची हौस आपण शंकरपटावर भागवली. आणि त्यासाठी लागणारं जनावरही इथलंच. आर्वी, कारंजा, आष्टी या पट्ट्यातली गवळाऊ ही जात अंगानं हलकी, पायानं चपळ. मराठ्यांच्या काळात सैन्याचं सामान झपाट्यानं हलवण्यासाठी ती जोपासली गेली असं सांगतात. कारंजा तालुक्यात हेटीकुंडीला या जातीचं सरकारी पैदास केंद्र आहे. नदी ओलांडून अमरावती जिल्ह्यात गेलात की तळेगाव दशासर, तिथल्या पटाचं नाव तर साऱ्या विदर्भात आहे. हंगाम संक्रांतीपासून पुढचा. कापूस बराचसा घरी आलेला, हाताला थोडी सवड, जमीन वाळलेली.

मी लहान असताना एका गावच्या पटाला वडिलांबरोबर गेलो होतो. गावाचं नाव सांगत नाही, माणसं अजून आहेत. दोन जोड्या शेजारी-शेजारी सुटल्या. रेषा ओलांडली तेव्हा डावीकडची पुढे होती, आणि लोक आनंदानं पटावर धावले. जोडी थांबलीच नाही. धुरकऱ्यानं कासरा ओढला तसे बैल एका अंगाला वळले आणि छकडा गर्दीत शिरला. जीव कुणाचा गेला नाही, पण एका माणसाचा पाय कायमचा गेला. पुढे उन्हाळाभर पारावर एकच वाद. एक पक्ष म्हणायचा, "कासरा एकाच हातानं ओढला त्यानं, चूक त्याची." दुसरा म्हणायचा, "अन् नेला कुठं असता बाप्पा? समोर तुरीचं वावर उभं, बाजूनं माणसं!" त्या धुरकऱ्यानं नंतर कधी छकडा हाकला नाही. दोष त्याच्याच नावावर राहिला.

हा वाद आपला एकट्यांचा नाही. मोटार शर्यती सुरू झाल्या तशी त्याची सुरुवात झाली. १९०३ साली पॅरिस ते माद्रिद शर्यत निघाली, साध्या रस्त्यावरून, गावागावांतून. लोक रस्त्याच्या मधोमध उभे राहायचे आणि गाडी आली की बाजूला व्हायचे. चालक मेले, बघेही मेले. फ्रेंच सरकारनं बोर्दोलाच शर्यत थांबवली. त्यानंतर शर्यत हळूहळू बंद वळसेदार ट्रॅकवर आली. पण गर्दी मात्र ट्रॅकला चिकटूनच उभी राहिली.

मग आलं १९५५. ११ जून, ल माँ. हॉथर्नची जॅग्वार पिटमध्ये थांबण्यासाठी हळू झाली, तिच्या मागचा मॅकलिन बाजूला सरला, आणि मागून येणारी लेवेची मर्सिडीज मॅकलिनच्या गाडीवर चढून उडाली. मातीच्या बांधावर आपटून तिचे तुकडे प्रेक्षकांत गेले. ऐंशीहून जास्त माणसं गेली, लेवेही गेला. दोष कुणाचा यावर आजही लोक भांडतात. हॉथर्न उशिरा वळला की मॅकलिन घाबरला? मला महत्त्वाचा वाटतो तो चौकशीचा निष्कर्ष. चौकशीनं कुणाही चालकाला दोषी धरलं नाही. बोट ठेवलं ते जागेवर. ती शर्यत १९२३ साली सुरू झाली होती. मधल्या बत्तीस वर्षांत गाड्यांचा वेग कुठल्या कुठे गेला, पण पिटसमोरचा रस्ता तसाच अरुंद होता. पिट आणि धावता रस्ता यांच्यामध्ये भिंतसुद्धा नव्हती. स्वित्झर्लंडनं तर ट्रॅकवरच्या शर्यतींवर बंदीच घातली.

पुढे जॅकी स्टुअर्टसारखे चालक स्वतः भांडू लागले. १९६६ साली बेल्जियमच्या स्पा इथे तो मोडलेल्या गाडीत अडकून पेट्रोलमध्ये भिजत पडला होता. त्यानंतर त्यानं पट्टे, कठडे, डॉक्टर या सगळ्यांसाठी आवाज उठवला. त्याला भित्रा म्हणणारे काही कमी नव्हते.

आणि मग इमोला, १ मे १९९४. आदल्या दिवशी रॅट्झेनबर्गर गेला होता, त्या दिवशी सेना गेला. ताम्बुरेल्लो नावाच्या वळणावर गाडी सरळ भिंतीवर गेली. का गेली, यावर इटलीत वर्षानुवर्षं खटला चालला. पण भिंत इतकी जवळ का होती, याचं उत्तर साधं आहे. भिंतीमागे सान्तेर्नो नदी आहे. १९८९ साली त्याच जागी गेरहार्ड बर्गरची गाडी आपटून पेटली होती. नंतर तो आणि सेना दोघं ती भिंत बघायला गेले, मागे नदी आहे, भिंत हलवता येणार नाही म्हणून परत आले. हे बर्गरनंच पुढे सांगितलं आहे. सेनाच्या मृत्यूनंतर मात्र उपाय सापडला. नदी हलली नाही, भिंत हलली नाही. वळणाचीच आखणी बदलली, म्हणजे गाडी तिथे पोचेपर्यंत तिला वेग कमी करावाच लागतो.

वळणाबाहेर मोकळी जागा ठेवायची तर तिथे काय टाकायचं, हा पुढचा वाद. खडी टाकली तर चूक करणारा रुततो, त्याची शर्यत संपते. पण गाडी आडवी शिरली तर खडीत उलटूही शकते. डांबर केलं तर ब्रेक लागतात, पण चालक बाहेर जाऊन आरामात परत येतो. मग शौकीन ओरडतात, चुकीची किंमतच राहिली नाही! मला या ओरडण्यात थोडं तथ्य वाटतं. पण किंमत शर्यतीत मोजावी, हाडांत नव्हे.

आता आपल्या पटाकडे या. बैलाला ब्रेक नाही, कासरा आहे. रेषा ओलांडली हे बैलाला कळत नाही, ते माणसाला कळतं. पुणे जिल्ह्यात बैलगाडा घाटात पळतो. तिथे चढण असते, ती बैलाचा जोर आपोआप मोडते. आपला पट सपाट. त्यात आपली काळी माती, उन्हानं भेगाळलेली. भेगेत खूर गेला तर धुरकरी कितीही तरबेज असो, काय करणार? उलट हीच माती नांगरून मोकळी केली तर तिच्यासारखी खडी जगात नाही. बैल ढेकळांत शिरला की चार-सहा पावलांत मंदावतो, आणि पडला तरी मऊ पडतो.

मधली वर्षं तुम्हाला आठवतात. ७ मे २०१४ ला सर्वोच्च न्यायालयाच्या निकालानं शर्यती थांबल्या. २०१७ साली राज्यानं कायदा बदलला, नियम केले, पण प्रत्यक्ष परवानगी १६ डिसेंबर २०२१ ला मिळाली. १८ मे २०२३ ला घटनापीठानं तो कायदा वैध ठरवला. बंदीच्या काळात शर्यती पूर्ण थांबल्या होत्या असं कुणी समजू नये. सांगली जिल्ह्यात झरे गावाजवळ ऑगस्ट २०२१ मध्ये पोलिसांना चुकवून झालीच. जिथे लपून धावायचं तिथे दवाखान्याची गाडी कोण उभी करणार? बैलांवरच्या क्रौर्याचा प्रश्न खरा होता, आजही आहे. पण चोरट्या शर्यतीत बैलही सुरक्षित नव्हता आणि माणूसही.

नियमांत बऱ्याच गोष्टी आल्या. जिल्हाधिकाऱ्यांची परवानगी हवी, धावपट्टी १००० मीटरपेक्षा लांब नको, खडक, चिखल, तीव्र उतार किंवा रहदारीचा रस्ता नको, काठी-चाबूक नको, पशुवैद्यक हजर हवा. हे चांगलं झालं. तुतारी टोचून पळवलेला बैल बिथरतो आणि बिथरलेला बैल रेषेवर थांबत नाही, हे जुन्या धुरकऱ्यांना कायद्याआधीच माहीत होतं.

मी अलीकडे कुठल्याही पटाला गेलो की आयोजकांना एकच विचारतो, रेषेच्या पुढे किती जागा सोडली? बहुतेक ठिकाणी उत्तर येतं, "पुढं पाटलाचा गहू आहे, भाऊ." ठीक आहे, गहू हलणार नाही. इमोलाची नदीही हलली नव्हती. पण रेषा हलते ना? शंभर पावलं अलीकडे घ्या, सुटकाही तितकीच मागे घ्या. मागे जागा नसेल तर पट आखूड करा. सेकंद कमी लागतील, विक्रमांची वही नवी करावी लागेल. एका गावानं हे मान्य केलं, तेव्हा दोन जोड्यांचे मालक रुसून निघून गेले. पुढच्या वर्षी ते परत आले.

ज्याचा पाय गेला तो माणूस नंतर बरीच वर्षं पटाला येत असे. खुर्ची घेऊन बसायचा, रेषेपासून लांब, नांगरलेल्या वावराच्या बांधावर, आणि जवळ येणाऱ्या पोरांना हाकलायचा.

बरं, आता कुणाला काही विचारायचं असेल तर विचारा.