अंग बाहेर येणे : साडेतीन हजार वर्षांच्या एका दुखण्याची कथा

१/ सन १६७०. याच वर्षी तानाजी मालुसरे यांनी सिंहगड सर केला, हे आपणां सर्वांना मुखोद्गत आहे. त्याच वर्षी इंग्लंडमध्ये फेथ नावाची ४६ वर्षांची एक कष्टकरी स्त्री कोळशाचे जड ओझे वाहत होती. ओझ्याच्या ताणाने तिचे गर्भाशय खाली सरकले आणि शरीराबाहेर आले. #थ्रेड #इतिहास

२/ हे तिला नवे नव्हते. वारंवारच्या त्रासाने ती इतकी जेरीस आली होती की तिने बाहेर आलेला भाग हाताने ओढला आणि सुरीने कापून टाकला. रक्तस्राव थांबला, ती वाचली आणि पुढे अनेक वर्षे जगली. मात्र मूत्राशयास इजा झाल्यामुळे तिची लघवी अहोरात्र गळत राहिली. डर्बीचे वैद्य पर्सिव्हल विलोबी यांनी ही हकिकत नोंदवून ठेवली, म्हणून ती आपल्यापर्यंत पोचली.

३/ त्या काळी या दुखण्यावर उपायच नव्हता, असे वाटणे साहजिक आहे; पण ते खरे नाही. फेथच्या आधी किमान तीन हजार वर्षे वैद्य या दुखण्यावर लिहीत होते. मग ती एकटी का पडली? या थ्रेडमध्ये त्या उपायांचा आणि त्यांच्याभोवतीच्या मौनाचा मागोवा घेऊ.

४/ प्रथम दुखणे समजून घेऊ. गर्भाशय, मूत्राशय आणि गुदाशय हे अवयव ओटीपोटाच्या तळाशी असलेल्या स्नायूंच्या झोळीवर विसावलेले असतात आणि बंधांनी वरून धरलेले असतात. बाळंतपणात ही झोळी ताणली जाते, कधी फाटते. त्यात जड ओझी, जुनाट खोकला, बद्धकोष्ठ, पाळी गेल्यानंतरचा अशक्तपणा यांची भर पडली की अवयव खाली सरकतात. मराठीत याला ‘अंग बाहेर येणे’ म्हणतात.

५/ फेथचा प्रकार टोकाचा होता. बहुसंख्य स्त्रियांमध्ये हा त्रास सौम्य असतो. सकाळी बरे वाटते; दिवस कलतो तसा ओटीपोटात जडपणा येतो, खाली काहीतरी उतरल्यासारखे वाटते, लघवी पुरती झाली नाही असे वाटत राहते. जिवाला धोका नसतो. म्हणूनच तो अंगावर काढला जातो, कधी कधी आयुष्यभर.

६/ सर्वांत जुन्या नोंदींपैकी एक प्राचीन इजिप्तमधील आहे. इ.स.पू. सुमारे १५५० मधील ‘एबर्स पपायरस’ या वैद्यकीय गुंडाळीत जागेवरून सरकलेल्या गर्भाशयासाठी लेप सांगितले आहेत. त्यांचा कितपत उपयोग होत असेल हा प्रश्न वेगळा. परंतु या दुखण्याची दखल घ्यावी, ते लिहून ठेवावे, इतके ते परिचित होते.

७/ प्राचीन ग्रीसमध्ये उपाय चमत्कारिक वळणाने गेले. गर्भाशय हा शरीरात हिंडणारा, सुगंधाकडे ओढला जाणारा आणि दुर्गंधापासून पळणारा अवयव आहे, अशी समजूत प्रचलित होती. त्यामुळे त्याला वर बोलावण्यासाठी नाकाशी सुवास आणि खाली धुरी, असा उपचार होई. काही वैद्य तर रुग्ण स्त्रीला शिडीस उलटी बांधून ठेवीत.

८/ याच ग्रीक परंपरेत डाळिंबाचाही उपयोग सापडतो. सोललेले किंवा अर्धे कापलेले डाळिंब आंबवलेल्या द्रवात भिजवून योनिमार्गात बसवीत, म्हणजे खाली येणारा अवयव त्याच्या आधाराने अडून राही. आज ज्याला ‘पेसरी’ म्हणतात, त्या साधनाचा हा पूर्वज. कल्पना ओबडधोबड होती, पण तिच्यामागचे तत्त्व बरोबर होते: सरकणाऱ्या अवयवाला खालून टेकू द्यावा.

९/ इ.स. दुसऱ्या शतकाच्या आरंभी रोममध्ये सोरानस हा वैद्य होऊन गेला. गर्भाशय हा काही जनावरासारखा हिंडत नाही, असे त्याने बजावले. शिडीचा उपाय त्याने निषिद्ध ठरवला आणि लोकरीचा मऊ बोळा, विश्रांती व हळुवार हाताळणी यांवर भर दिला. स्त्रीला शिक्षा वाटेल असा उपचार त्याने नाकारला, हे त्याचे मोठेपण.

१०/ भारतात चरक आणि सुश्रुत या दोन्ही संहितांमध्ये वीस ‘योनिव्यापद’ सांगितल्या आहेत. सुश्रुतसंहितेतील ‘प्रस्रंसिनी’ या नावातच खाली घसरण्याचा अर्थ आहे. चरकसंहितेतील उपचाराचा क्रम पाहण्यासारखा आहे: आधी स्नेहन, मग शेक आणि त्यानंतर बाहेर आलेला भाग हाताने पूर्ववत आत बसवणे.

११/ बाराव्या शतकातील इटलीत, सालेर्नो येथे, ट्रोटा नावाची स्त्री वैद्य होती. तिच्या परंपरेतील ग्रंथात बाळंतपणात फाटलेला भाग रेशमी धाग्याने तीन-चार ठिकाणी शिवावा आणि नंतर त्या स्त्रीला काही दिवस पाय उंच ठेवून निजवावे, असे सांगितले आहे. दुखण्याचे मूळ बाळंतपणातील इजेत आहे आणि ती वेळीच दुरुस्त करावी, ही दृष्टी तेथे स्पष्ट दिसते.

१२/ पुढे पेसरीचे रूप पालटत गेले. सोळाव्या शतकात फ्रेंच शल्यवैद्य आंब्रुआझ पारे यांनी पितळेच्या आणि मेण लावलेल्या बुचाच्या लंबगोल पेसऱ्या वर्णिल्या. १८४४ मध्ये चार्ल्स गुडइयर यांना पक्क्या रबराच्या प्रक्रियेचे पेटंट मिळाले आणि हे साधन हलके, टिकाऊ, धुता येण्याजोगे झाले. फिलाडेल्फियाच्या ह्यू हॉज यांनी शरीराच्या वळणाशी जुळणारा आकार दिला. आजची पेसरी सिलिकॉनची असते, तत्त्व मात्र डाळिंबाचेच.

१३/ शस्त्रक्रिया फार उशिरा आली. १८८८ मध्ये मँचेस्टर येथे आर्चिबाल्ड डोनाल्ड यांनी सैलावलेल्या भिंती शिवणे आणि लांबलेले गर्भाशयमुख कापून आखूड करणे, यांची सांगड घातली. विल्यम फॉदरगिल यांनी तीत सुधारणा केली. ‘मँचेस्टर शस्त्रक्रिया’ म्हणून ती जगभर गेली. भूल आणि जंतुनाशके यांचा शोध आधी लागला नसता, तर हे शक्य झाले नसते.

१४/ ज्या इंग्लंडमध्ये ही शस्त्रक्रिया घडली, तेथील श्रमिक स्त्रियांची स्थिती कशी होती? १९१५ मध्ये ‘विमेन्स को-ऑपरेटिव्ह गिल्ड’ या संघटनेने १६० स्त्रियांची पत्रे ‘मॅटर्निटी’ या नावाने प्रसिद्ध केली. लागोपाठची बाळंतपणे, पुरेशी विश्रांती न घेता पुन्हा कपडे धुण्यास आणि ओझी उचलण्यास लागणे आणि त्यातून जडलेली कायमची दुखणी यांनी ती भरली आहेत. नव्या शस्त्रक्रियेची कीर्ती सर्वत्र पसरत असताना या स्त्रिया दुखणे सोसत होत्या.

१५/ येथे आपल्या मातीतील एक नाव येते. गोव्यातील शिरोड्याचे डॉ. विठ्ठल नागेश शिरोडकर (१८९९–१९७१). गर्भाशयमुखाला टाका घालून गर्भपात टाळण्याच्या १९५५ मधील पद्धतीसाठी ते जगभर ओळखले जातात. अंग बाहेर येण्यावरील त्यांचे काम मात्र सामान्य वाचकाला क्वचितच ठाऊक असते.

१६/ अडचण अशी होती. मँचेस्टर शस्त्रक्रियेत गर्भाशयमुख कापले जाई, त्यामुळे पुढील गर्भधारणेत धोका संभवे. ज्या तरुण स्त्रीला अजून मूल हवे होते, तिने काय करावे? शिरोडकरांनी कृत्रिम धाग्याच्या पट्टीने गर्भाशय मागे माकडहाडाच्या वरील त्रिकास्थीशी बांधण्याची पद्धत आणली. मुंबईच्या पुरंदरे यांच्या नावाने ओळखली जाणारी पद्धत गर्भाशयमुखाला पोटाच्या पुढील भिंतीचा आधार देते. दोन्हींत गर्भाशय शाबूत राहते.

१७/ सौम्य दुखण्याची वाट मात्र वेगळीकडून उघडली. १९४८ मध्ये लॉस एंजेलिसचे डॉ. अर्नोल्ड केगल यांनी ओटीपोटाच्या तळाचे स्नायू आवळण्या-सोडण्याचा व्यायाम मांडला. बाळंतपणाने दुबळे झालेले स्नायू दंडाच्या स्नायूंप्रमाणेच कमावता येतात, हे त्यांचे म्हणणे होते. व्यायाम नीट होतो की नाही हे मोजण्यासाठी त्यांनी एक दाबमापकही तयार केले. त्यांचा मुख्य रोख लघवी गळण्याच्या तक्रारीवर होता.

१८/ हा व्यायाम अंग उतरण्यावर खरोखर उपयोगी पडतो का? २०१४ मध्ये ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात ४४७ स्त्रियांवरील चाचणी प्रसिद्ध झाली. ज्यांना तज्ज्ञाने प्रत्यक्ष व्यायाम शिकवला, त्यांच्या तक्रारी वर्षभरानंतर इतरांपेक्षा कमी होत्या. शिकवणारा जाणकार हवा आणि व्यायाम महिनोन्महिने चालू ठेवायला हवा.

१९/ दरम्यान एक भाषाही घडली. १९९६ मध्ये आंतरराष्ट्रीय तज्ज्ञांनी अवयव किती खाली आला हे सेंटिमीटरमध्ये मोजून टप्पे ठरवले. त्यामुळे ‘थोडेसे’ आणि ‘फार’ यांना अर्थ आला. पहिल्या-दुसऱ्या टप्प्यातील स्त्रीला थेट शस्त्रक्रियेकडे न नेता व्यायाम, पेसरी, खोकला व बद्धकोष्ठावर इलाज आणि ओझ्यांपासून सुटका हे मार्ग सांगता येऊ लागले.

२०/ घाईचे परिणामही इतिहासाने पाहिले. योनिमार्गातून कृत्रिम जाळी बसवण्याची पद्धत गाजावाजा करून आली. पुढे अनेक स्त्रियांना तीव्र वेदना आणि जाळी बाहेर डोकावणे असे त्रास झाले. अखेरीस एप्रिल २०१९ मध्ये अमेरिकेच्या औषध प्रशासनाने या कारणासाठी अशा जाळ्यांची विक्री थांबवण्याचा आदेश दिला.

२१/ आता मौनाकडे वळू. १९८९ मध्ये डॉ. राणी बंग आणि सहकाऱ्यांनी गडचिरोली जिल्ह्यातील वसा व अमिर्झा या गावांतील ६५० स्त्रियांचा अभ्यास ‘लॅन्सेट’मध्ये मांडला. ९२ टक्के स्त्रियांना काही ना काही स्त्रीरोग होता. त्याआधी कधी तरी तपासणी झालेल्या स्त्रिया होत्या अवघ्या ८ टक्के. ही दरी केवळ दवाखान्याच्या अंतराने पडलेली नव्हती. संकोच, आणि बाईच्या जातीला हे चालायचेच ही समजूत, यांचाही तीत वाटा होता.

२२/ नेपाळमध्ये हा प्रश्न न्यायालयात गेला. २००८ मध्ये तेथील सर्वोच्च न्यायालयाने अंग बाहेर येण्याच्या व्यापक समस्येकडे सरकारने केलेले दुर्लक्ष म्हणजे स्त्रियांच्या प्रजनन हक्कांचा भंग होय, असे ठरवले. जे दुखणे पदराखाली झाकून ठेवले जाई, ते राज्यसंस्थेच्या जबाबदारीचा विषय बनले.

२३/ आता पुन्हा फेथकडे. तिच्या काळी युरोपात पेसरी होती, बोळा होता, जखम शिवण्याचे ज्ञानही होते. वैद्याच्या वहीत तिची नोंद झाली, पण तिच्या हातात आली ती फक्त सुरी. तिच्यापुढे मोठ्याने सांगता येईल असे दुखणे आणि ते ऐकणारा माणूस असता, तर कदाचित तिची कथा वेगळी झाली असती.

२४/ हे वाचणाऱ्यांपैकी अनेकांच्या घरी अशी कथा असेल. संध्याकाळी पाट ओढून बसणारी, खोकताना थांबणारी, प्रवास टाळणारी आजी, आई किंवा मावशी. तिला विचारणे अवघड आहे, हे मान्य. तरीही ‘तुला खाली जडपणा वाटतो का, डॉक्टरांकडे जाऊ या का?’ इतके एक वाक्य पुरेसे ठरू शकते. स्त्रीरोगतज्ज्ञ काही मिनिटांत टप्पा सांगू शकतात, आणि सौम्य टप्प्यावर बहुधा शस्त्रक्रियेची गरजही पडत नाही.

२५/ गडांच्या तारखा आपण पाठ करतो, त्या केल्याच पाहिजेत. त्याच तारखांच्या शेजारी घराघरांत कोणी ओझी वाहिली, कोणी काय सोसले, हाही इतिहासच आहे. तो बखरींत क्वचित सापडतो. बहुतेक वेळा तो आपल्याच घरात, कोणी विचारील याची वाट पाहत बसलेला असतो. (समाप्त)