पिनोटाजच्या चार बिया

पिनोटाज हा लाल वाइनच्या द्राक्षाचा वाण दक्षिण आफ्रिकेत जन्मला. केप प्रांतात पहिली वाइन १६५९ मध्ये तयार झाली, पण पुढची अडीचशे वर्षे तिथल्या मळ्यांत वाढले ते युरोपातून आणलेलेच वेल. त्या मातीत, तिथल्याच माणसांच्या हातून नवा वाण तयार झाला तो १९२५ मध्ये, स्टेलेनबॉश विद्यापीठात.

अब्राहम पेरोल्ड हे या विद्यापीठातले द्राक्षशास्त्राचे पहिले प्राध्यापक. शिक्षण रसायनशास्त्राचे, डॉक्टरेट जर्मनीतली. देशोदेशींचे द्राक्षवाण गोळा करून ते केपमध्ये लावून पाहण्याचे मोठे काम त्यांनी आधीच केले होते. फ्रान्समधल्या बर्गंडीचा पिनो न्वार हा वाण वाइनला उत्तम, पण स्वभावाने नाजूक. केपच्या उष्ण हवेत तो नीट साधेना. सॅन्सो हा दक्षिण फ्रान्सचा वाण मात्र उन्हाला दाद न देणारा आणि भरघोस घड धरणारा. केपचे शेतकरी त्याला हर्मिटेज म्हणत. पेरोल्डनी या दोघांचा संकर केला.

द्राक्षाच्या बहुतेक लागवडीच्या वाणांत एकाच फुलात पुंकेसर आणि स्त्रीकेसर असतात. त्यामुळे संकर करताना एका वेलाच्या फुलातले पुंकेसर उमलण्याआधीच चिमट्याने काढावे लागतात आणि दुसऱ्या वेलाचे परागकण आणून लावावे लागतात. पुढे जे मणी धरतात त्यांतली प्रत्येक बी गुणांनी वेगळी निघते. सख्ख्या भावंडांसारखी, पण एकसारखी नव्हे. पेरोल्डच्या हाती अशा फक्त चार बिया आल्या. विद्यापीठाच्या वेल्गेफालेन या प्रयोगशेतावर त्यांचे राहते घर होते. तिथल्या बागेत त्यांनी त्या लावल्या.

१९२७ मध्ये पेरोल्ड पार्लच्या केडब्ल्यूव्ही या वाइन उत्पादकांच्या सहकारी संस्थेत गेले आणि रोपे बागेतच राहिली. बागेत रान माजले, तेव्हा विद्यापीठाने ती साफ करायला माणसे पाठवली. सांगतात ते असे, की चार्ली नीहाउस हे तरुण अध्यापक नेमके त्याच वेळी सायकलवरून तिथून चालले होते. रोपांची गोष्ट त्यांना ठाऊक होती. त्यांनी ती उपटून टाकू दिली नाहीत. पुढे ती एल्सेनबर्गच्या कृषी महाविद्यालयात सी. जे. थेरॉन यांच्या ताब्यात आली. केपच्या मळ्यांत मुळांवरच्या फिलोक्सेरा किडीची धास्ती १८८६ पासून होती, म्हणून वेल खुंटावरच वाढवावे लागत. थेरॉन यांनी १९३५ मध्ये या वेलांच्या काड्यांची खुंटावर कलमे केली. पेरोल्ड त्यांच्याकडे आले तेव्हा ती वाढताना पाहून हरखले. त्यांतला सरस वेल निवडला गेला आणि ‘पिनो’ व ‘हर्मिटेज’ जोडून त्याला पिनोटाज हे नाव मिळाले. बहुतेक ठिकाणी श्रेय एकट्या पेरोल्डना दिले जाते. नीहाउस आणि थेरॉन यांचा वाटा त्याहून कमी नव्हता. द्राक्षाचा वाण बी पेरून टिकत नाही, कलमानेच टिकतो. ते चार वेल गेले असते तर वाणच गेला असता.

या द्राक्षाची पहिली वाइन १९४१ मध्ये एल्सेनबर्गला झाली. त्याच वर्षी पेरोल्ड वारले. १९४३ मध्ये सर लॉरीज पास जवळच्या मर्टल ग्रोव्ह मळ्यात पहिली व्यापारी लागवड झाली. १९५९ मध्ये केपच्या वाइन प्रदर्शनात बेलव्ह्यू मळ्याच्या पिनोटाजने सर्वोच्च मान मिळवला. ‘लँझेरॅक’ या छापाखाली १९६१ मध्ये बाजारात आलेल्या बाटलीवर हे नाव प्रथमच ग्राहकांना वाचायला मिळाले.

मळ्यांत वेल पसरला, पण वाइन जमायला वेळ लागला. आंबवण नीट सांभाळली नाही, तर रंगाच्या डब्यासारखा उग्र वास येई. १९७६ मध्ये आलेल्या ब्रिटिश जाणकारांनी तर तिला गंजक्या खिळ्यांची उपमा दिली. काही उत्पादकांनी धीर सोडला नाही. कॅनॉनकॉप मळ्याचे बायर्स ट्रूटर यांनी पिनोटाजवरच मेहनत घेतली आणि १९९१ मध्ये लंडनच्या आंतरराष्ट्रीय स्पर्धेत वर्षाचे सर्वोत्तम वाइनकार हा मान मिळवला. हा मान मिळवणारे ते पहिले दक्षिण आफ्रिकी होते.