माथेरानची वाट : वसाहतकालीन गिरिस्थान आणि श्रमाचा इतिहास

एकोणिसाव्या शतकात ब्रिटिश सत्तेने भारतात जी गिरिस्थाने वसविली, त्यांचा इतिहास बहुधा एखाद्या अधिकाऱ्याच्या नावापासून सुरू होतो. माथेरान त्यास अपवाद नाही. इ.स. १८५० च्या मे महिन्यात ठाण्याचे कलेक्टर ह्यू मॅलेट यांचा मुक्काम डोंगराच्या पायथ्याशी चौक येथे होता. तेथून ते डोंगर चढून गेले व माथेरानचा ‘शोध’ लागला, असे सर्वत्र लिहिले जाते. वस्तुतः दुसऱ्या दिवशी ते चौकच्या पाटलास बरोबर घेऊन पुन्हा वर गेले होते. शिवाय या परिसरातील ठाकूर, कातकरी व धनगर यांना डोंगराच्या वाटा पूर्वीपासून ठाऊक होत्या. माथ्यावरील रान हा अर्थ सांगणारे गावाचे नावच मराठी आहे. तेव्हा ‘शोध’ हा शब्द सत्ताधाऱ्यांच्या दृष्टीपुरताच खरा मानावा लागतो.

मुंबईचे गव्हर्नर लॉर्ड एल्फिन्स्टन यांच्या काळात या वसाहतीस आकार आला. उन्हाळ्यातील मुंबई टाळण्यासाठी युरोपीय अधिकाऱ्यांनी आणि त्यांच्या पाठोपाठ मुंबईतील धनिकांनी येथे बंगले बांधले. लुइझा, अलेक्झांडर, शार्लोट या नावांच्या शेजारी माधवजी, मलंग, रामबाग ही नावेही टिकून राहिली.

मात्र पाहुणे वर पोहोचत कसे, हा प्रश्न अधिक महत्त्वाचा आहे. १८५६ मध्ये लोहमार्ग खोपोलीपर्यंत गेला आणि त्यावरील नेरळ हे माथेरानचे प्रवेशद्वार ठरले. नेरळपासून सुमारे ११ किलोमीटरचा चढ उरत असे. तो घोड्यावरून, पालखीतून वा हमालांनी उचललेल्या खुर्चीतून पार होई. सामान तर डोक्यावरूनच जाई. सर आदमजी पीरभॉय यांचे पुत्र अब्दुल हुसेन यांनी बांधलेली दोन फुटी रुंदीच्या रुळांची रेल्वे १९०७ मध्ये सुरू झाली. चढाची तीव्रता कमी करण्यासाठी मार्गास इतकी वळणे द्यावी लागली की, त्याची लांबी २१ किलोमीटरच्या आसपास गेली. जुलै २००५ च्या अतिवृष्टीत हा मार्ग उद्ध्वस्त झाला व २००७ मध्ये पुन्हा सुरू झाला.

रेल्वेने नेरळचा चढ सोपा केला. परंतु स्थानकापासून बंगल्यापर्यंतचे अंतर माणसाच्याच बळावर कापले जात राहिले. पालखीची जागा हातरिक्षाने घेतली, एवढाच काय तो फरक. माथेरानमध्ये मोटारींना बंदी आहे आणि २००३ मध्ये केंद्र शासनाने हा परिसर पर्यावरणीयदृष्ट्या संवेदनशील क्षेत्र म्हणून अधिसूचित केला. ही बंदी नसती तर हे रान कधीच नाहीसे झाले असते, हे मान्य करावयास हवे. परंतु पर्यटक ज्या शांततेची प्रशंसा करतात, तिची किंमत लाल मातीच्या चढावर रिक्षा ओढणाऱ्या माणसांनी मोजली, याची नोंद प्रवासवर्णनांत क्वचितच सापडते.

याच गावात १९१२ मध्ये एका सामान्य नाभिक कुटुंबात विठ्ठल लक्ष्मण तथा भाई कोतवाल यांचा जन्म झाला. पुढे ते वकील झाले. १९४२ च्या आंदोलनात त्यांच्या आझाद दस्त्याने मुंबईस वीज पुरविणारे मनोरे पाडले. २ जानेवारी १९४३ रोजी सिद्धगडावर पोलिसांच्या गोळीबारात कोतवाल व हिराजी पाटील यांना हौतात्म्य आले. साहेबांच्या विश्रांतीसाठी वसविलेल्या गावातूनच साहेबाच्या सत्तेस आव्हान देणारा तरुण निघाला, याकडे गिरिस्थानांच्या अभ्यासकांनी पुरेसे लक्ष दिलेले नाही.

ऑगस्ट २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने माणसाने माणसास ओढण्याची ही प्रथा मानवी प्रतिष्ठेस बाधक ठरवून ती सहा महिन्यांत बंद करण्याचा आदेश दिला. रिक्षा ओढणाऱ्यांच्या पुनर्वसनासाठी गुजरातमधील केवडियाच्या धर्तीवर ई-रिक्षांची योजना आखावी, असेही राज्य शासनास सांगितले. मॅलेट यांच्या चढाईस तेव्हा १७५ वर्षे झाली होती.