दक्षिण मराठा रेल्वेचे गाव

माझ्या दवाखान्यात रेल्वे वर्कशॉपमधून निवृत्त झालेले एक वयस्कर गृहस्थ येतात. दुखणे कन्नडमध्ये सांगतात, आणि ते किती दिवसांपासून आहे हे मोजू लागले की आकडे मराठीत येतात. होमिओपॅथीत रुग्णाचे बोलणे मध्येच तोडायचे नसते, म्हणून अशा गोष्टी कानावर पडतात. आपल्या या जोडशहराची विसाव्या शतकाच्या आरंभीची वर्षे वाचताना मला ते गृहस्थ वारंवार आठवतात.

सदर्न मराठा रेल्वे कंपनी १८८२ साली स्थापन झाली. पेशवाई बुडाल्यावर इंग्रजांनी या मुलखाला ‘सदर्न मराठा कंट्री’ म्हटले, त्यावरून हे नाव. आपल्या भागातली वस्ती मात्र बहुतांश कन्नडच. कंपनीचे मुख्य कार्यालय धारवाडला आणि कारखाना हुबळीला. वीस किलोमीटर अंतरावरच्या दोन गावांचे स्वभाव इथे पक्के झाले. धारवाडला साहेब, कारकून, वकील. हुबळीला लोहार, फिटर आणि कापसाचे व्यापारी. १९०८ मध्ये ही कंपनी आणि मद्रास रेल्वे एक झाल्या, मुख्य कार्यालय मद्रासला गेले. धारवाडची ती देखणी इमारत पुढे १९१७ साली सुरू झालेल्या कर्नाटक कॉलेजकडे आली. हुबळीचा कारखाना जागेवरच राहिला.

आता थोडे नाजूक बोलतो. आपल्या मंडळींत हळहळ ऐकू येते, की इथून मराठी हुसकावली गेली. मला हे अर्धेच पटते. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत इथल्या कन्नड मुलांना सरकारी शाळेत मराठीतून शिकावे लागे. ते बदलायला डेप्युटी चन्नबसप्पांनी हयात वेचली. १८९० मध्ये रा. ह. देशपांडे यांनी धारवाडला कर्नाटक विद्यावर्धक संघ काढला. घरातल्या भाषेला घरात जागा मिळावी, एवढेच मागणे होते. आपल्या आजोबा-पणजोबांना ते वेळीच ऐकू आले असते, तर पुढची कटुता थोडी कमी झाली असती.

आणि ही जागृती करणारी माणसे तरी कोण? कर्नाटक एकीकरणाचे अध्वर्यू आलूर वेंकटराव पुण्याच्या फर्ग्युसनमध्ये शिकलेले. लोकमान्यांचे ‘गीतारहस्य’ कन्नडमध्ये आणणारेही तेच. द. रा. बेंद्रे १८९६ साली धारवाडात जन्मले, घरची भाषा मराठी, तेही फर्ग्युसनचेच विद्यार्थी. आणि आधुनिक कन्नड कविता त्यांच्या नावावाचून सांगताच येत नाही. हे मराठीचे नुकसान मानायचे की मिळकत? मी मिळकत मानतो. काहींना ते रुचत नाही, हेही मला ठाऊक आहे.

सार्वजनिक जीवनाची भाषा एव्हाना वेगळीच झाली होती. १ जुलै १९२१ रोजी धारवाडात दारूच्या दुकानावरील निदर्शनांच्या वेळी गोळीबार झाला. तिघे मृत्युमुखी पडले, तिघेही मुसलमान. त्याच साली डॉ. ना. सु. हर्डीकर अमेरिकेतून परतले. १९२३ मध्ये त्यांनी हिंदुस्तानी सेवादल उभे केले आणि त्याचे काम हुबळीतून चालवले. आमच्या पेशातला हा माणूस रोग्यांची नाडी पाहायची सोडून तरुणांना कवायत शिकवत बसला. १९२४ च्या बेळगाव काँग्रेसमध्ये, जिथे गांधीजी अध्यक्ष होते, व्यवस्था सांभाळायला याच दलाचे स्वयंसेवक होते.

त्याच अधिवेशनात स्वागतगीत म्हणणाऱ्या मुलींमध्ये धारवाडची एक अकरा वर्षांची मुलगी होती. ती गंगूबाई हनगल. मुलीच्या गाण्याच्या शिक्षणासाठी १९२८ मध्ये घरच्यांनी धारवाड सोडून हुबळीला बिऱ्हाड केले. आता पाहा, विद्यानगरी म्हणून धारवाडचा लौकिक, आणि गाणे शिकायला यायचे ते कापसाच्या नि कारखान्याच्या गावात!

त्याला कारण पुन्हा रेल्वेच. मिरजेहून येणारी गाडी धारवाड, हुबळी करत पुढे कुंदगोळवरून म्हैसूरच्या मुलखाकडे जाई. मिरजेला राहणारे अब्दुल करीम खाँसाहेब म्हैसूर दरबारी येता-जाता धारवाडला उतरत, गंगूबाईंच्या आई अंबाबाईंचे कर्नाटकी गाणे मुद्दाम ऐकत. खाँसाहेबांचे शिष्य रामभाऊ कुंदगोळकर, म्हणजे सवाई गंधर्व. घरी कन्नड, आणि नाव झाले मराठी रंगभूमीवर, स्त्रीभूमिका करून. त्या संगीत रंगभूमीचा पाया घालणारे अण्णासाहेब किर्लोस्करही आपल्याच बाजूच्या गुर्लहोसूरचे.

नाटक कंपन्यांचे दिवस सरल्यावर सवाई गंधर्व कुंदगोळला स्थिरावले. गंगूबाई हुबळीहून गाडीने शिकायला जात. संध्याकाळी परतताना गुरुगृही राहणारा गदगचा एक पोरगा त्यांना स्टेशनपर्यंत पोचवायला येई, आणि आज काय शिकवले ते वाटेत विचारून घेई. त्याचे नाव भीमसेन जोशी. गाडी आली की गंगूबाई हुबळीला परतत आणि तो कुंदगोळच्या वाड्याकडे वळे.